‘मी कोण?’ या ध्यानाची पार्श्वभूमी: तिरुवन्नामलै ते खेतवाडी

जुलै १८९६. मदुराईत चुलत्यांकडे राहणाऱ्या वेंकटरामन नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाला काही आजार नसताना अचानक मरणाची भीती वाटली. तो जमिनीवर प्रेतासारखा ताठ पडला, ओठ घट्ट मिटले आणि हे शरीर गेल्यावर मरतं ते कोण, हे पाहू लागला. शरीर निश्चल होतं, तरी ‘मी’ची जाणीव लख्ख होती. १ सप्टेंबरला तो तमिळनाडूतल्या तिरुवन्नामलैला पोचला आणि १४ एप्रिल १९५० रोजी देह ठेवीपर्यंत तिथेच राहिला. हेच रमण महर्षी.

त्यांच्या अनुभवाची पद्धत झाली ती १९०२च्या सुमारास. महसूल खात्यात नोकरी करणारे शिवप्रकाशम् पिळ्ळै तिरुवन्नामलैच्या अरुणाचल डोंगरावरच्या गुहेत प्रश्न घेऊन आले. महर्षी तेव्हा बोलत नसत. त्यांनी खुणांनी आणि लिहून उत्तरं दिली. पद्धत थोडक्यात अशी: विचार उठला की त्याच्यामागे जायचं नाही, ‘हा कुणाला आला?’ असं विचारायचं. ‘मला’ हे उत्तर येतं. मग ‘हा मी कोण?’ म्हणत लक्ष त्या ‘मी’च्या उगमाकडे वळवायचं आणि तिथेच थांबायचं. पुढचा विचार आला की पुन्हा हेच. चिता सारखी करणारी काठी शेवटी चितेतच जळते, तसा हा प्रश्नही इतर विचार संपवून स्वतः संपतो, असं त्यांनी सांगितलं.

मराठी मुलखात याच ठिकाणी पोचणारी वाट वेगळ्या बाजूने आली. समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात ज्ञानाचं लक्षणच ‘पाहावें आपणासि आपण’ असं सांगितलं आहे. निंबर्गी महाराजांचे शिष्य, उमदीचे भाऊसाहेब महाराज यांनी इंचगिरीला मठ उभा केला. त्यांचा भर तासन्‌तास चालणाऱ्या नामध्यानावर होता. त्यांचे शिष्य, सोलापूरकडच्या पाथरीचे सिद्धरामेश्वर महाराज यांनी मात्र ध्यानाची ही मुंगीची संथ वाट सोडून विवेकाचा विहंगम, म्हणजे पक्ष्यासारखा थेट झेप घेणारा, मार्ग पुढे आणला. माझ्या मते या परंपरेतलं सर्वांत मोठं वळण हेच.

सिद्धरामेश्वरांची मांडणी चार देहांची. स्थूल म्हणजे हाडामांसाचं शरीर. सूक्ष्म म्हणजे इंद्रियं, प्राण, मन, बुद्धी. कारण म्हणजे निव्वळ नेणीव, गाढ झोपेसारखा काळोख. त्या काळोखालाही जाणणारी ‘मी आहे’ ही जाणीव म्हणजे महाकारण. साधकाने एकेका देहापाशी थांबून ‘हे मला कळतं, म्हणून हे मी नाही’ असा निवाडा करायचा, आणि शेवटी महाकारणही सोडायचं. ‘कारण’ देहापाशी बरेच जण फसतात: काहीच दिसत नाही, म्हणजे काहीच नाही, असं मानून मागे फिरतात. काहीच दिसत नाही हे कुणाला कळलं, हा प्रश्न नेमका तिथेच विचारायचा असतो.

१९३३ साली मुंबईतले विडीविक्रेते मारुती कांबळी सिद्धरामेश्वरांकडे आले. ‘मी आहे’ या भानाला चिकटून राहा, एवढीच त्यांना मिळालेली साधना. १९३६ साली गुरू गेले. पुढे निसर्गदत्त महाराज म्हणून कांबळी खेतवाडीतल्या घराच्या माळ्यावर बसून मराठीत बोलत. पोलंडमधून भारतात आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी त्या संवादांचं इंग्रजी पुस्तक १९७३ साली आणलं, आणि हा माळा जगाला कळला.

दोन्ही वाटांवर होणाऱ्या चुका ठरावीक आहेत. ‘मी कोण, मी कोण’ असा जप सुरू होतो; शब्द फिरत राहतात आणि लक्ष ‘मी’कडे वळतच नाही. प्रश्न एकदाच विचारावा आणि गप्प राहावं. दुसरी चूक म्हणजे ‘मी ब्रह्म आहे’ हे पाठ असलेलं उत्तर देणं. तोही एक विचारच. तो कुणाला आला? तिसरी चूक म्हणजे लय. मन गोड बधिर होतं, अर्धा तास कुठे गेला कळत नाही आणि साधकाला ती समाधी वाटते. महर्षींनी मनोलय (मन तात्पुरतं शांत होणं) आणि मनोनाश (मन कायमचं विरणं) वेगळे सांगितले ते यासाठीच: लयातून उठल्यावर जुन्या वासना जशाच्या तशा उभ्या असतात. तेव्हा बैठक वीस-पंचवीस मिनिटांचीच ठेवावी, पाठ सरळ ठेवावी आणि गुंगी येऊ लागली की डोळे उघडून ‘ही गुंगी कुणाला?’ इथून पुन्हा सुरुवात करावी.