दोन डॉलरच्या खेळातून बडोद्यात किती पोचतात?

दोन डॉलरचा कॉम्प्युटरवरचा खेळ ऑनलाइन विकला गेला की कार्डाचं शुल्क किती कापलं जातं? अमेरिकेत वर्षानुवर्षं रूढ असलेला दर धरा: २.९ टक्के अधिक ३० सेंट. टक्केवारीचे होतात जेमतेम ६ सेंट, वरचे ३० ठरलेलेच. एकूण ३६ सेंट, म्हणजे किमतीच्या १८ टक्के. हाच दर पन्नास डॉलरच्या खेळाला साडेतीन टक्के पडतो. लहान विक्रेत्याचं कंबरडं त्या ३० सेंटांनी मोडतं.

मी बडोद्यात छोट्या व्यावसायिकांचे हिशेब बघतो. दांडिया बाजारात राहणारी दोन मुलं माझ्याकडे येतात. ती फाइन आर्ट्सला शिकलेली चित्रकार, तो कोड लिहितो; दोघं मिळून असे छोटे खेळ बनवून विकतात. मार्च संपला की कागद घेऊन बसतात आणि प्रश्न ठरलेला: "काका, विक्री एवढी दिसतेय, मग बँकेत एवढेच कसे आले?" नुसत्या त्यांच्या कागदांवरून याचं उत्तर देता येत नाही, बरंच मागे जावं लागतं.

बँक ऑफ अमेरिकानं कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात १९५८ साली कार्ड वाटली. त्याच व्यवस्थेला १९७६ मध्ये व्हिसा हे नाव मिळालं. ही सगळी रचना दुकानदारांसाठी होती. गिऱ्हाइकाची बँक, दुकानदाराची बँक आणि मधलं जाळं, प्रत्येकाचा वाटा त्याच शुल्कातून निघतो. व्यवहार दोन डॉलरचा असो की दोनशेचा, मंजुरीचा निरोप पाठवायचा खर्च तोच. म्हणून टक्केवारीच्या जोडीला ठरावीक रक्कम आली. दोन डॉलरचा माल कार्डावर विकला जाईल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

पुढे अमेरिकेच्या कायद्यानं यात हात घातला आणि लहानांचं उलट नुकसान झालं. ऑक्टोबर २०११ पासून मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांवर गिऱ्हाइकाच्या बँकेच्या वाट्याला कमाल मर्यादा आली: २१ सेंट अधिक ०.०५ टक्के. त्याआधी छोट्या रकमांसाठी वेगळा, बराच कमी दर मिळत असे. मर्यादा लागू झाल्यावर कार्ड कंपन्यांनी ती सवलत काढून छोट्या व्यवहारांनाही मर्यादेएवढंच शुल्क लावलं. मोठ्या दुकानांचा फायदा झाला, कॉफी विकणाऱ्याचा आणि छोटे खेळ विकणाऱ्याचा खर्च वाढला. ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या पेपॅल कंपनीकडे अमेरिकेत छोट्या रकमांसाठी ५ टक्के अधिक ५ सेंट असा दर होता. त्या हिशेबानं दोन डॉलरवर फक्त १५ सेंट जातात. म्हणजे हे जमण्यासारखं आहे. पण तो दर मागून घ्यावा लागे, आपोआप मिळत नसे.

दुसरी डोकेदुखी चार्जबॅकची, म्हणजे कार्डधारकानं हरकत घेतल्यावर विक्रेत्याकडून पैसे परत काढून घेण्याची. अमेरिकेच्या १९७४ च्या कायद्यानं क्रेडिट कार्डधारकाला बिलावर हरकत घ्यायचा हक्क दिला, आणि तो असायलाच हवा. पण खेळ विकणाऱ्याकडे कुरिअरची पावती नसते. चोरलेल्या कार्डावर कुणी दोन डॉलरचा खेळ घेतला, की विक्रीचे पैसे परत जातात आणि वर १५-२० डॉलरचा दंड बसतो. दहा-बारा प्रामाणिक गिऱ्हाइकांकडून झालेली कमाई एका झटक्यात साफ.

संशयावरून पैसे अडकवून ठेवण्याचं गाजलेलं उदाहरण माइनक्राफ्ट या खेळाचं. सप्टेंबर २०१० मध्ये त्याचे निर्माते मार्कुस पेर्सन यांचं पेपॅल खातं गोठवलं गेलं, त्यात सुमारे ६ लाख युरो होते. गुन्हा कोणता? पैसे जमा होण्यात किंवा काढण्यात काहीतरी संशयास्पद दिसलं, एवढंच. मध्यस्थ बुडाला तर आणखी वाईट. शेअरवेअर (आधी वापरून बघा, मग पैसे द्या अशी सॉफ्टवेअर) विकणाऱ्यांचे पैसे १९९४ पासून गोळा करून देणारी कागी ही कंपनी जुलै २०१६ मध्ये बंद पडली. त्याच्या आदल्या वर्षी डेसुरा या खेळांच्या दुकानाच्या मालक कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. कित्येक निर्मात्यांचं येणं थकलेलं होतं.

आपल्याकडची गोष्ट आणखी वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे मार्च २०११ पासून पेपॅलमधली शिल्लक खर्चायला बंदी आली. आलेले पैसे सात दिवसांत बँकेत वळते करायचे आणि एका व्यवहाराला ५०० डॉलरची मर्यादा. ती पुढे ३,००० आणि मग १०,००० झाली. परकीय चलनावर नजर ठेवणं मला पटतं. पण बाहेरच्या दोन डॉलरच्या विक्रीला आणि यंत्रांच्या निर्यातीला एकाच चाळणीतून काढलं, तर खर्च कुणाला परवडणार? शिवाय हुंडणावळीत, म्हणजे डॉलरचे रुपये करताना, काही टक्के जातात, ते बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

अशा वेळी स्टीम या खेळांच्या मोठ्या ऑनलाइन दुकानाचे ३० टक्के जास्त वाटत नाहीत, हे मान्य करायला हवं. कार्ड, चार्जबॅक, देशोदेशींचे कर, सगळं तेच सांभाळतात. युरोपीय संघानं जानेवारी २०१५ पासून डिजिटल मालावर गिऱ्हाइकाच्या देशाचा व्हॅट लावला. एकट्या माणसानं प्रत्येक देशाचा दर पाळून कर भरणं अशक्यच. इच या छोट्या निर्मात्यांच्या ऑनलाइन दुकानात दुकानाचा वाटा निर्माता ठरवतो, न ठरवल्यास १० टक्के, शून्यही ठेवता येतो. पण पैसे चुकते करणाऱ्या कंपनीचं शुल्क तिथंही चुकत नाही.

जुलै २०२५ मध्ये नुसत्या शुल्कापलीकडची गोष्ट घडली. प्रौढ आशयाच्या खेळांविरुद्ध मोहीम झाली, पैसे चुकते करणाऱ्या कंपन्यांचा दबाव आला. स्टीमनं अनेक खेळ काढले, आणि इचनं असा आशय शोधातून सरसकट काढून टाकला. कोणता खेळ कायद्यात बसतो ते न्यायालयानं ठरवावं. इथं ते पैसे पोचवणाऱ्यांनी ठरवलं, आणि ज्यांचा खेळ गेला त्यांना दाद मागायला खिडकी नव्हती. मला हे शुल्कापेक्षा जास्त गंभीर वाटतं.

देशातल्या देशात मात्र चित्र फार बरं आहे. युपीआय २०१६ मध्ये आलं आणि जानेवारी २०२० पासून त्यावर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे बँकांना द्यायचं व्यवहार शुल्क, नाही. साइटवर पैसे घेऊन देणाऱ्या गेटवे कंपनीचे २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरले, तरी ९९ रुपयांच्या खेळामागे जातात सव्वादोन-अडीच रुपये. ठरावीक रक्कम नाही, म्हणून छोटी किंमत परवडते.

दांडिया बाजारातल्या दोघांनी आता तसंच केलंय. इथल्या गिऱ्हाइकांना स्वतःच्या साइटवर युपीआयनं विकतात, बाहेरच्यांना स्टीमवर. तिथं १०० डॉलर जमेपर्यंत पैसे सुटत नाहीत, अमेरिकेतल्या विक्रीवर भारत-अमेरिका कर करारानुसार १५ टक्के कर तिथंच कापला जातो, तेव्हा त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवायचं आणि इथल्या विवरणपत्रात आपल्या करातून तेवढी वजावट मागायची. यंदा त्यांनी ते एप्रिलमध्येच माझ्याकडे आणून दिलं.