‘फूड लायसन्स काढलं की गाडी कुठेही लावा’?

इंदूरमध्ये पोहे-जिलबीची किंवा साबुदाणा खिचडीची गाडी टाकू पाहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये एक मेसेज बरेच दिवस फिरतोय: अन्न सुरक्षेचा नंबर मिळाला की गाडी कोणी हटवू शकत नाही.

तसं नाही. हा नंबर अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 खाली मिळतो. त्याचा संबंध पाणी, स्वच्छता आणि तुम्ही काय विकता याच्याशी. रस्त्यावरच्या जागेशी नाही. जागेसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. त्याचं प्रमाणपत्र वेगळं असतं आणि ते हातात असलं तरी विक्रीला बंदी असलेल्या भागात उभं राहता येत नाही.

पडताळायला सोपं आहे. आपला फूड लायसन्सचा कागद समोर धरा. चौदा आकडी नंबर, नाव, पत्ता, व्यवसायाचा प्रकार दिसेल. गाडी अमुक चौकात लावण्याची परवानगी त्यात कुठे लिहिली आहे का, ते नीट वाचा.

व्हॅनमध्ये ओटा, खिडकी बसवून घेणार असाल तर आरटीओची मंजुरी आधी घ्या. पैसे गॅरेजमध्ये अडकल्यावर फार जड जातं. आणि घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही, व्यावसायिकच घ्या.