काळ्या मातीत मुरेल किती? खेड्यांतील सांडपाणी आणि सरकारी निधी

ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले आणि सांडपाण्यावरील प्रक्रिया हा विषय इथल्या मराठी घरांतही बोलला जाऊ लागला. सांवेर किंवा देपालपूरकडच्या खेड्यांतील सांडपाण्याची चर्चा मात्र क्वचितच होते. वास्तविक १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट आहे, आणि त्यातील सुमारे ६५ ते ७० टक्के पाणी अंघोळ, धुणे-भांडी यांतून पुन्हा बाहेर पडते असे सरकारी हिशेबात धरले जाते. म्हणजे २,००० वस्तीच्या गावातून रोज ७० हजार लिटरहून अधिक पाणी निघणार. यात शौचालयाचे मैलापाणी नसते, त्यामुळे ते तुलनेने सौम्य असते आणि थोडक्या प्रक्रियेनंतर पुन्हा वापरता येते.

त्यासाठी पैसा आहे. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या २०२०-२१ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात या पाण्याच्या व्यवस्थापनासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांना माणशी २८० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावांना माणशी ६६० रुपयांपर्यंत साहाय्य ठरवण्यात आले. यातील ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून उचलायचा होता. २०२१-२६ या काळात त्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिलेला होता आणि पाण्याचा पुनर्वापरही त्यात बसत होता. शोषखड्ड्यांची, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यांची, खोदाई मनरेगातून करण्याची मुभा होती, आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘सुजलाम’ मोहिमेत १०० दिवसांत दहा लाख शोषखड्ड्यांचे लक्ष्य ठेवण्यात आले होते. आपल्या २,००० वस्तीच्या गावाच्या वाट्याला या हिशेबाने जास्तीत जास्त ५ लाख ६० हजार रुपये येतात आणि त्यातील १ लाख ६८ हजार ग्रामपंचायतीचे असतात.

हा निधी माणसे मोजून मिळतो, माती पाहून नव्हे; आणि इंदूरच्या आसपासच्या माळव्यातील खरी अडचण इथेच आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी शोषखड्डे करून गटारे आणि डास हटवले, त्यामुळे हा उपाय सर्वत्र लोकप्रिय झाला. तो स्वस्तही आहे. परंतु ज्याला इकडे सोख्ता गड्ढा म्हणतात तो खोल काळ्या मातीत वर्षभर सारखा चालत नाही. या मातीतील चिकणकण ओले झाले की फुगतात आणि वाळले की आक्रसतात. एप्रिल-मे महिन्यांत जमिनीला रुंद भेगा पडलेल्या असताना खड्डा खोदला, तर ओतलेले पाणी बघता बघता नाहीसे होते आणि काम उत्तम झाल्याची नोंद होते. आषाढ-श्रावणात त्याच भेगा मिटतात आणि खड्डा तुंबतो.

त्यात साबणाची भर पडते. धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार बरेच असतात. हे सोडियम चिकणकणांना चिकटलेल्या कॅल्शियमची जागा घेते, मातीची ढेकळी रचना विस्कटते आणि सूक्ष्म छिद्रे बुजतात. शिवाय भांड्यांचे तेल आणि त्यावर वाढणारे जीवाणू यांचा बुळबुळीत थर खड्ड्याच्या भिंतींवर साचतो. खड्डा काळ्या थराखालच्या मुरुमापर्यंत नेल्यास पाणी चांगले मुरते, हे खरे. पण मुरुम आणि त्याखालचा भेगाळलेला काळा खडक (बेसाल्ट) पाणी जितक्या सहज वाहून नेतात तितक्याच सहज त्यातील घाणही जवळच्या विहिरीत पोहोचवतात. म्हणून पाण्याच्या स्रोतापासून किमान दहा मीटर अंतर ठेवणे हा नियम इथे तर कटाक्षाने पाळायला हवा.

माझ्या मते खोल काळ्या मातीच्या गावांनी घरोघर खड्ड्यांच्या आकड्यामागे न लागता पाणी झाकलेल्या नाल्यांतून एकत्र आणून गावाबाहेर शुद्ध करावे. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीत खडीच्या थरांत कर्दळ, पाणकणीस यांसारख्या वनस्पती लावतात. खडीवर आणि मुळांवर वाढणारे जीवाणू पाण्यातील सेंद्रिय घाण खातात. जागा भरपूर असेल तर उथळ तळ्यांची साखळीही चालते. तिथे शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडते, जीवाणू तो वापरतात, आणि विजेची गरज नगण्य असते.

या पाण्यावर शेती किती होईल, याबद्दल मात्र अवास्तव अपेक्षा नको. गव्हाला एका हंगामात साधारण ४० सेंटिमीटर पाणी लागते असे धरले, तर आपल्या गावाच्या १२० दिवसांच्या सांडपाण्यात, वाटेतील बाष्पीभवन न धरताही, दोन हेक्टरच भिजतील. डासांची पैदास थांबणे आणि गल्ल्या कोरड्या राहणे हा फायदा त्याहून मोठा आहे. पाणी वापरायचेच असेल तर ते चारा, फळझाडे किंवा वनीकरणाला द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा यांसारख्या पिकांना देऊ नये, कारण बाळाचे कपडे धुतलेल्या पाण्यातही रोगजंतू असू शकतात.

उरतो देखभालीचा खर्च. अनुदानाने बांधकाम होते. सांडपाण्यातील तेल अडवणारी जाळी दर आठवड्याला साफ करणारा माणूस, दोन-तीन वर्षांनी गाळ उपसणे आणि खडी धुणे यांचा खर्च ग्रामपंचायतीवर पडतो. त्यासाठी वित्त आयोगाच्या बांधील रकमेतून किंवा पाणीपट्टीतून तरतूद करून ती बांधकामासोबतच वार्षिक विकास आराखड्यात लिहून घ्यावी, आणि मुरण्याची चाचणी उन्हाळ्यात नव्हे तर भर पावसाळ्यात, जमीन पूर्ण ओली असताना घ्यावी.