पर्यायी पूल, ब्रह्मपुरी टेकडी आणि शंभर मीटरचं भांडण

कोल्हापुरात पंचगंगेवरच्या जुन्या शिवाजी पुलाचा विषय निघाला की कोणतरी म्हणतंच, "त्याला पर्यायी पूल ब्रह्मपुरी टेकडीनं अडवला." अर्धं खरं आहे. बाकीचं अर्धं कळायला थोडं मागं जावं लागतं.

ब्रह्मपुरी म्हणजे निसर्गानं घडवलेली टेकडी नव्हे. पंचगंगेच्या काठी लोक राहत गेले, घरं पडली, त्याच मातीवर पुन्हा घरं उठली आणि असं थरावर थर चढत उंचवटा झाला. खाली सातवाहन, वर शिलाहार, बहामनी, मराठे. 1877 ला इथं एका बाजूला धनुष्यबाण असलेल्या शिशाच्या नाण्यांचा साठा निघाला. त्याच सुमारास गावातला एक मोठा स्तूप, म्हणजे अवशेष पुरून वर रचलेला ढिगाराच, उकरताना स्फटिकाचा करंडक, म्हणजे अवशेष ठेवायची डबी, मिळाला आणि त्याच्या पेटीवर ब्राह्मी अक्षरात एकच ओळ: बम्हाचं दान, धमगुतानं करवलं. करंडकाचं कौतुक झालं, स्तूप मात्र गेला, त्याला वाचवायला तेव्हा कुठला शंभर मीटरचा नियम लावणार? ब्रह्मपुरीचं नशीब बरं म्हणायचं.

1944-45 ला टेकडीवर काशाच्या वस्तू सापडल्या आणि सगळं चित्र पालटलं. त्यात रोमनांचा समुद्रदेव आहे, वीतभरसुद्धा नाही, अंगावर कपडा नाही, दाढी कुरळी, एक हात त्रिशूळ धरायला वर उचललेला पण त्रिशूळच गायब. सोबत हत्तीवरचे स्वार, आरशाची मूठ, सुरई. समुद्र इथनं घाट उतरून पार कोकणात, आणि त्याचा देव पंचगंगेच्या काठावर! 1945-46 ला पुण्याच्या अभ्यासकांनी रीतसर खोदकाम केलं. या मालातूनच कोल्हापूरचं म्युझियम उभं राहिलं, टाऊन हॉलला जाऊन बघता येतं.

आता मूळ भांडण. टेकडी केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांच्या यादीतली. 1992 च्या अधिसूचनेनं संरक्षित जागेच्या हद्दीपासून 100 मीटर बांधकाम बंद आणि पुढचे 200 मीटर परवानगीनं असं ठरलं, पण मधल्या काळात कमिटीमार्फत सवलती मिळत होत्या. 2010 ला कायदाच बदलला आणि 100 मीटरच्या आत नवीन काही बांधायला परवानगी द्यायचा अधिकार कुणाकडंच उरला नाही, सरकारी काम असलं तरीसुद्धा. पर्यायी पुलाचं काम त्यानंतर सुरू झालं. हे लक्षात ठेवा, कारण आंदोलनाच्या गर्दीत हेच हरवलं: कायदा आधी, पूल नंतर. टेकडी काय रातोरात नदीकडं सरकली नव्हती, कागदावर पट्टी ठेवून बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण झालं ते असं की पूल बराचसा उभा राहिला, गावाकडच्या टोकाला येऊन काम अडलं आणि रत्नागिरी, पन्हाळा, जोतिबाची सगळी वाहनं त्याच एकोणिसाव्या शतकातल्या दगडी पुलावरून जात राहिली.

26 जानेवारी 2018 च्या रात्री त्या जुन्या पुलावरून मिनीबस नदीत कोसळली. 13 माणसं गेली. त्यानंतर गावाचा संताप बघितलेल्यांना "वारसा" हा शब्द त्या दिवसात उच्चारायची सोय नव्हती हे माहीत आहे. गंमत बघा, त्याच महिन्याच्या सुरुवातीला लोकसभेत दुरुस्ती विधेयक पास झालं होतं, सार्वजनिक कामांना 100 मीटरच्या आत वाट देणारं. देशभरातले अभ्यासक त्याच्या विरोधात होते, एका पुलासाठी उघडलेलं दार सगळ्यांनाच उघडं होईल म्हणून, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ते राज्यसभेत गेलं, तिथनं निवड समितीकडं, आणि कायदा काय झालाच नाही. इकडं आपत्ती व्यवस्थापनाच्या अधिकारांचा आधार घेऊन उरलेलं काम रेटलं गेलं आणि 2019 ला पर्यायी पुलावरून गाड्या सुरू झाल्या.

पूल सुटला पण टेकडीभोवतीची घरं नाही सुटली. 100 मीटरच्या आत आजही भिंत दुरुस्त करायची तर परवानगी लागते, आणि पोरांची लग्नं झाली म्हणून नवीन खोली काढायची तर तीही मिळत नाही. त्या लोकांसाठी कुणी कुठला खास अधिकार वापरल्याचं ऐकलं नाही.