तारेनं खाल्लेली घोडी

तंबोरा घेऊन रेल्वेनं जायचं म्हणजे मांडीवर झोपलेलं पोर घेऊन जाण्यासारखं. भोपळा मांडीवर, दांडी खांद्याला, आणि दर स्टेशनला नवा माणूस विचारणार, "वीणा काय हो?" बेळगावहून मिरजेला निघालं की थोड्याच वेळात सुळेभावी लागतं. कुमार गंधर्व १९२४ साली इथं जन्मले. तंबोरे जुळवण्यात ते किती काटेकोर होते, हे गाणारी मंडळी अजून सांगतात. माझ्या मांडीवरचा तंबोरा मात्र गेलं वर्षभर नुसता 'टण्ण' करत होता. बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीचं निदान एकच: आपल्याकडचा पाऊस, लाकडानं ओल धरली.

मिरजेच्या कारागिरानं लाकडाकडं बघितलंसुद्धा नाही. तारा ढिल्या केल्या, घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, नख फिरवलं आणि म्हणाले, "लाकडाला काय बी झालं न्हाई. तारेनं घोडी खाल्लीय." माझंही नख फिरवून घेतलं. चार बारीक चर लागले.

गिटारची तार एका अरुंद कडेवर टेकते; तिथून पुढं तिची लांबी ठरलेली. तंबोऱ्याची घोडी चांगली रुंद, आणि माथ्याला डोळ्याला जेमतेम कळेल असा उतार. तार खाली येते तेव्हा या उतारावर टेकत पुढं सरकते, वर जाताना सुटत जाते. काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात जोडीची तार (मधल्या दोन तारांतली एक) सेकंदाला सुमारे १३९ कंपनं करते, आणि प्रत्येक कंपनात हे टेकणं-सुटणं होतं. म्हणजे वाजणारी लांबी सतत किंचित बदलत राहते, आणि मूळ स्वराची ऊर्जा वरच्या स्वरांत वाटली जाते. खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची तार, छेडला की त्यातून गंधार निघाल्यासारखा वाटतो तो असा. या उताराला आणि त्यातून येणाऱ्या गुंजनाला, दोन्हींना आपण जवारीच म्हणतो. चर पडला की तार त्यात अडकते, उतारावर फिरत नाही, आणि तंबोऱ्याची गिटार होते.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लेख लिहिला, त्यात नेमकी ही गंमत पकडली आहे. नियम असा की तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा असे सम क्रमांकाचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरात मिसळलेले वरचे स्वर, उमटायला नकोत. तंबोऱ्यात उमटतात. मोबाइलवर आवाजाचा आलेख काढणारं ॲप असेल तर घरी बघा: तार आणि घोडीच्या मध्ये घालतात तो जवारीचा दोरा काढून एकदा, घालून एकदा. आलेखात उजवीकडं, वरच्या स्वरांच्या बाजूला, एकदम गर्दी होते.

आता तारा. तार तुटली की लोक सुचवतात, जाड घाला. उपयोग नाही. त्याच लांबीची जाड तार त्याच सुरात आणायची तर ताणही तेवढ्याच पटीत वाढवावा लागतो. चौरस मिलिमीटरवरचा भार होता तेवढाच राहतो. तुटणं ठरतं धातूवर, लांबीवर आणि सुरावर. लांब दांडीवर जोडीच्या सुराला पितळ तुटायच्या बेताला येतं, म्हणून तिथं पोलाद. खर्ज एक सप्तक खाली. ताण तोच ठेवला तर तार चौपट जड हवी, म्हणजे जाडी जवळजवळ दुप्पट. इतकं जाड पोलाद सळईसारखं ताठ वागतं आणि त्याचे वरचे स्वर चढे लागतात. पितळाचा ताठपणा पोलादाच्या साधारण निम्मा, म्हणून खर्जाला पितळ.

तुनाचं लाकूड, तबलीची (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाची) जाडी, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, यांनी आवाज भरतो हे खरंच. पण एकाच दुकानातले दोन तंबोरे वेगळे का बोलतात, याचं उत्तर मी आधी घोडीवर शोधेन. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकात सुरू केलं ते फरीदसाहेबांनी, आणि ते घराणं शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

कारागिरानं कानस चार-पाच वेळा फिरवली, मग बारीक पॉलिश पेपर. तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा घासायचं. मोजपट्टी कुठं दिसली नाही. दोन तासांनी मी विचारलं, "चाचा, किती काढलं?" त्यांनी नखावरची पांढरी पूड फुंकली. "एवढंच."

प्रवासासाठी तारा सैल करून दिल्या होत्या. घरी येऊन चढवतो तर जवारीचे दोरे गाडीत कुठंतरी पडलेले. वडगावात मागावरून रेशमाची टोकं मागून आणली. तार आणि घोडीच्या मध्ये दोरा केसभर मागं-पुढं सरकवला. पंचम लगेच बोलला, जोडही. खर्ज मात्र तसाच टण्ण. त्याला दोरा दुपदरी करावा लागला.