मशीद की मकबरा? घुमट सोडा, भिंत बघा

विजापूरच्या सहलीचे फोटो आणि खाली ‘गोल घुमट मशीद’! दर वर्षी हेच. गोल घुमट हा मकबरा, म्हणजे कबरीवर बांधलेली इमारत आहे, मुहम्मद आदिलशहाची. मशीद बघायची असेल तर गावातल्या जामा मशिदीत जा.

मकबरा काय असतो हे ताजमहालामुळे सगळ्यांनाच ठाऊक असतं. चौथऱ्यावर दिसते ती कबर दाखवण्यापुरती, खरं दफन खाली तळघरात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. सुफी संताची कबर असेल तर तो दर्गा.

फसवतात ते घुमट आणि मिनार, कारण ते दोन्हींकडे सापडतात. जामा मशिदीचं काम अपुरं राहिलं, मिनार झालेच नाहीत. तरी ती मशीदच. गोल घुमटाच्या चारही कोपऱ्यांना सात-सात मजली मनोरे आहेत. तरी तो मकबराच.

आत गेल्यावर मात्र शंका उरत नाही. मकबऱ्यात सगळी इमारत मधल्या कबरीभोवती उभी असते. मशिदीत मधे काहीच नसतं, कारण तिथे सगळ्यांचं तोंड एका भिंतीकडे. ही किब्ल्याची, म्हणजे मक्केच्या दिशेची भिंत, आपल्याकडे पश्चिमेची. तिच्यातला कोनाडा म्हणजे मेहराब. काही जण आत वाकून ‘मूर्ती कुठेय’ म्हणून शोधतात! तो रिकामाच असतो, काम दिशा दाखवण्याचं. शेजारी पायऱ्यांचा मिंबर, शुक्रवारच्या खुत्ब्यासाठी, म्हणजे प्रवचनासाठी.

जामा मशिदीचा सोनेरी मेहराब १६३६ मध्ये याच मुहम्मद आदिलशहाने सजवून घेतला. लोक त्याचे फोटो काढतात आणि निघतात. जरा पायाखाली बघा की! फरशीवर मुसल्ल्यांच्या, म्हणजे नमाज पढायच्या जागांच्या, चौकटी आखल्या आहेत, दोन हजारांहून जास्त, एका माणसाला एक. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाला, माणसं खांद्याला खांदा लावून याच रांगांत उभी राहतात. पहिल्या रांगेचं पुण्य मोठं मानतात, म्हणून मशिदीचं दालन सहसा आत खोल जाण्यापेक्षा आडवं जास्त पसरलेलं असतं. अंगणातला हौद वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्यासाठी, पाय बुडवून बसायला नव्हे.

तरीही गोंधळ होत असेल तर गोल घुमटात प्रतिध्वनी ऐकायला आरोळ्या ठोकण्यातला वेळ वाचवा आणि विजापुरातलाच इब्राहिम रोजा गाठा. एकाच चौथऱ्यावर पूर्वेला मकबरा, पश्चिमेला मशीद, मधे हौद. घुमट दोन्हींवर आहे. आधी पूर्वेकडे शिरा, मग पश्चिमेकडे, आणि कबर कुठे दिसते ते बघा.