‘यंदा बर्फ कमी’ आणि ‘परवा बर्फ पडेल’

२०२५ च्या जानेवारीत मावसभावाने व्हॉट्सॲपवर बातमीचं कात्रण पाठवलं. उत्तर भारतात जानेवारी ते मार्च सरासरीपेक्षा कमी पाऊस. खाली त्याचा प्रश्न: ‘ताई, फेब्रुवारीअखेरचं मनालीचं बुकिंग रद्द करू का? बर्फच नसेल तर पोरं डोकं खातील.’

घोळ शब्दातच आहे. तीन महिन्यांचं सांगणारा तोही अंदाज आणि उद्याचं सांगणारा तोही अंदाजच.

त्याने पाठवला होता तो हंगामी अंदाज. तो तयार होतो पुण्यात, शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, पुढे दिल्लीला गेलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. हिमालयाच्या हिवाळ्याचा हिशेब पुण्यातल्या ‘सिमला’ ऑफिसात मांडला जातो, याची मला अजून गंमत वाटते.

हा हिशेब मुख्यतः समुद्राच्या तापमानावर उभा असतो. प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गरम (एल निनो) होतंय की थंड (ला निना), हे महिनोन् महिने फारसं बदलत नाही, म्हणून त्यावरून पुढच्या तिमाहीचा कल सांगता येतो. कलच फक्त. कमी, सरासरीइतका की जास्त, यातल्या कशाची शक्यता किती, एवढंच. त्या वर्षी खात्याने म्हटलं होतं की जानेवारी ते मार्चचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ८६ टक्क्यांहून कमी राहण्याची शक्यता आहे. ती सरासरी आहे १८४.३ मिलिमीटर, म्हणजे १५८ च्या आसपास किंवा त्याहून कमी. आता हा आकडा कुणाचा? पंजाब, हरियाणा, दिल्ली, पूर्व-पश्चिम उत्तर प्रदेश, उत्तराखंड, हिमाचल आणि जम्मू-काश्मीर-लडाख, सगळ्यांचा मिळून. लखनौचा पाऊस आणि रोहतांगचा बर्फ एकाच पातेल्यात. बर्फही त्यात वितळवून, पाण्याच्या मिलिमीटरमध्येच मोजलेला. त्यातून मनालीजवळच्या सोलांगला कुठल्या तारखेला काय असेल ते काढणं म्हणजे वर्षाच्या पगारावरून मंगळवारी खिशात किती पैसे असतील ते सांगणं.

रोजचा अंदाज उलट्या टोकाने निघतो. आज हवेची स्थिती काय, वारे कुठून, ओलावा किती, यावरून पुढचे काही दिवस. हिमालयात हिवाळी बर्फ आणतात ते पश्चिमी चक्रावात. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान ओलांडत येतात, हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा. एखादा निघाला की चार-पाच दिवस आधी दिसतो. पण तीन आठवड्यांनंतर कोणता येईल, हे आज कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून दोन्ही अंदाज एकाच वेळी खरे असू शकतात. त्याच वर्षी बर्फ नाही म्हणून गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत पुढे ढकलाव्या लागल्या. आणि महिना संपता संपता एक जोरदार चक्रावात आला. हिमाचलात रस्ते बंद, कुल्लूत नाल्यांना पूर. २८ फेब्रुवारीला बद्रीनाथजवळ माणा इथे हिमस्खलन झालं. सीमा रस्ते संघटनेच्या कामावरचे ५४ मजूर अडकले, ४६ वाचले, ८ गेले. कोरड्या म्हणून सांगितलेल्या हंगामातला हा आठवडा. ‘यंदा बर्फ कमी’ वाचून डोंगरात बेफिकीर राहणं का परवडत नाही, ते इथे कळतं. अशा वेळी कामाचा असतो तो दिवसाचा इशारा आणि संरक्षण संशोधनवाल्यांचं चंदिगडहून येणारं हिमस्खलनाचं बुलेटिन.

रंगांचीही गल्लत होते. हंगामी नकाशातले रंग शक्यता दाखवतात, पांढरा भाग म्हणजे ‘इकडे की तिकडे, सांगता येत नाही’. जिल्ह्यांच्या इशाऱ्यातले पिवळा, नारिंगी, लाल हे काय करायचं ते सांगतात: लक्ष ठेवा, तयार राहा, हालचाल करा. हंगामी नकाशातला लाल पाहून ‘रेड अलर्ट आहे’ असं पसरवणारे महाभाग दरवर्षी भेटतात.

आणि ‘यंदा थंडी जास्त’ म्हणजे ‘बर्फ जास्त’ असंही नाही. काश्मीरच्या चिल्लई कलानमध्ये, २१ डिसेंबरपासूनच्या त्या चाळीस दिवसांत, सगळ्यात कडक रात्री बहुतेकदा निरभ्र असतात. ढग आले की किमान तापमान वर चढतं आणि मग बर्फ पडतो.

भावाला सांगितलं, बुकिंग ठेव, पण रद्द करता येईल असंच ठेव, आणि निघायच्या चार दिवस आधीपासून कुल्लू आणि लाहौल-स्पितीचा इशारा रोज बघ. त्याने बघितला. नारिंगी दिसल्यावर तारीख आठवडाभर पुढे ढकलली. पोरांना बर्फ मिळाला, मात्र अटल बोगद्यापलीकडचं सिस्सू राहिलं, रस्ता बंद होता.